सूर हलवायचा नसतो

सिरसाळा,
२४ नोव्हेंबर २०२४

भाईजान,

अस्सलामु अलैकुम. डब्यात भाकरीखाली पिशवीत गुंडाळलेली ही चिठ्ठी बघून दचकू नको. तुमच्या हॉस्टेलवाल्यांनी मोबाइल जमा करून घेतलेत, आन रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो तवा अम्मी तो सोडतच न्हाई. मला जे बोलायचंय ते अम्मीपुढं बोलता येत न्हाई. डबा तर रोज एसटीनं बीडला येतोच, चिठ्ठीला काय येगळं तिकीट लागणार हाय?

तू नीटच्या अभ्यासाला गेलास आन नानांच्या बाजूची जागा मोकळी झाली. नानांनी तीन महिने कुणी मिळतंय का बघितलं. सनईवर सूर धरायला आजकाल कोण बसतंय? पोरांना डीजेच्या गाडीवर चढायचं असतं. शेवटी नाना मला म्हणाले, "उज्मा, तूच बस." नानी लई भडकली. म्हणाली, "पंधरा वरसांची पोरगी लग्नात गाल फुगवून बसणार, लोक काय म्हणतील?" नाना म्हणाले, "लोक म्हणतील इसाकची नात हाय." झालं, विषय संपला.

महिनाभर मी पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या तांब्यात घालून फुंकत बसले. बुडबुडा तुटला की नाना पाठीत धपाटा घालायचे. आता तुटत न्हाई. गालात हवा ठेवायची, नाकानं श्वास घ्यायचा, समदं जमतंय. नानांनी सांगितलं, "मी वाजवीन, तू एकच सूर धरायचा, लग्न लागेपर्यंत. मी कुठंबी फिरून आलो तरी मला परतायला जागा पायजे. सूर हलवायचा नसतो." मी म्हणलं, एवढंच ना!

काल परळीच्या रोडला एका लग्नात बसलो. नाना, मी आन संबळावर हरिओम काका. सुरुवातीला बरं चाललं. मग नाना वरच्या सुरांत गेले आन माझ्याकडं डोळे वटारून बघाय लागले. मी घाबरले, पण सूर सोडला न्हाई. वाजवून झाल्यावर पाव्हण्यारावळ्यांपुढं म्हणाले, "सूर पाडलास. समदा पाडलास." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाईजान, तू सहा वरस त्यांच्या बाजूला बसलास. तुला कधी असं बोलले न्हाईत. माझं काय चुकतंय ते सांग.

तुझी उज्मा

---

बीड,
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय उज्मा,

वालेकुम सलाम. तुझी चिठ्ठी भाकरीच्या वाफेनं ओली झाली होती, तरी वाचली. खोलीतली पोरं विचारत होती, कुणाचं पत्र आहे बे? मी म्हणालो, माझ्या उस्तादीणबाईंचं.

अगं, पहिल्या लग्नात सगळ्यांचंच असं होतं. एवढं मनावर घेऊ नको. सनईच्या तोंडाची पत्ती वाजवायच्या आधी नीट भिजवत जा, कोरडी पत्ती दगा देते. लोकांकडे बघू नको. नानांच्या गालाकडे बघ. ते वर जायला लागले की त्यांच्या डाव्या गालाची शीर उठते. ती उठली की तू ओठांत पत्ती थोडीशी दाबायची. अगदी थोडी. म्हणजे सूर जरासा वर सरकतो आणि त्यांना बरं वाटतं. ते खाली आले की सोडून द्यायची.

हे नानांना विचारू नको. ही बसणाऱ्याची अक्कल असते, शिकवून येत नाही. जरा सांभाळून घेत जा, त्यांचं वय झालंय.

माझं ठीक चाललंय. सकाळी साडेपाचला उठवतात. फिजिक्समध्ये मार्क कमी पडतात. अम्मीला यातलं काही सांगू नको, नाहीतर ती रविवारी फोनवर रडत बसेल. लोणचं संपलं आहे, पाठव.

तुझा भाईजान
कामरान

---

सिरसाळा,
१२ डिसेंबर २०२४

भाईजान,

तुझं शहरी मराठी वाचून हसू आलं. "ठीक चाललंय" म्हणे! लोणचं डब्यात खालच्या कप्प्यात हाय, पोरांना वाटत बसू नको.

पण तुझी अक्कल मला काय समजली न्हाई. नाना म्हणतात हलवायचा नसतो, तू म्हणतोस सरकव. दोघांतला एक तर चुकतोय. मी नानांचंच ऐकलं. त्यांनीच शिकवलंय ना मला? सिरसाळ्यातल्या लग्नात मी डोळे मिटून बसले, मनात बिस्मिल्ला म्हणलं आन सूर असा धरला की बैल लावला तरी हलणार न्हाई. मला वाटलं आज नाना खूश होतील.

मंगलाष्टकं चालू असताना नानांनी माझ्या तोंडातली सनई हातानं ओढून घेतली. लोकांपुढं! अक्षता टाकायचं सोडून समदे आमच्याकडं बघाय लागले. पुढचं समदं त्यांनी एकट्यानं वाजवलं. मी मांडीवर हात ठिवून तशीच बसून राहिले. उठून जावं तर बायकांतून जायचं कसं?

घरी आल्यावर नाना ओरडले न्हाईत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. नानीला म्हणाले, "पोरीचा दम चांगला हाय. पर कान न्हाई. कान अल्ला देतो, तो शिकवता येत न्हाई." मी भाकऱ्या थापत व्हते. ते हळू बोलतोय असं समजत व्हते, पण आजकाल ते लई मोठ्यानं बोलतात, गल्लीतल्या लोकांनी बी ऐकलं असंल.

मला कान न्हाई का रे? लहानपणी नाना वाजवायचे तवा मी पाळण्यात गप व्हायची असं अम्मी सांगते. मला वाटायचं मी बी वाजवीन. शाळेत, घरात, कुठंबी मला दुसरं काहीच येत न्हाई, हे एक येईल असं वाटलं व्हतं. खरं सांग. मला वाईट वाटंल म्हणून गोड लिहू नको.

उज्मा

---

बीड,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय उज्मा,

तू खरं सांग म्हणालीस म्हणून लिहितो.

सूर धरणं सगळ्यांना जमतं असं नाही. त्यात कमीपणा काही नाही. तुझं दहावीचं वर्ष आहे. दोन महिन्यांवर परीक्षा. आता धनुर्मासात लग्नं नाहीत, तर सनई फळीवर ठेवून दे आणि अभ्यासाला लाग. हरिओम काकांचा कुणी पाहुणा सूर धरतो असं ऐकलं होतं, नाना त्याला बसवतील. सनईवर आता कुणाचं पोट भरत नाही. म्हणून तर मी इथे येऊन बसलोय.

नाना बोलले ते मनाला लावून घेऊ नको. त्यांच्याशी वाद घालू नको. एवढं माझं ऐक.

तुझा
कामरान

---

सिरसाळा,
६ जानेवारी २०२५

भाईजान,

तुझी चिठ्ठी वाचून मी सनई कापडात गुंडाळून फळीवर ठिवली. दोन दिवस जेवले न्हाई. अम्मीला वाटलं पोट बिघडलंय, तिनं मला ओवा चावायला लावला. तू बी म्हणलास म्हणजे खरंच मला कान न्हाई असं मी धरून चालले.

मग असं झालं. शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू हाय. सत्यशीला बाईंची पेटी हाय ना, तिच्यावर पोरी स्वागतगीत म्हणत व्हत्या. बाई म्हणाल्या, "उज्मा, तू इसाकभाईंची नात, जरा सनईवर सूर दे की." मी म्हणलं, "बाई, माझा सूर पडतो. मला कान न्हाई." बाई म्हणाल्या, "आण तर खरं."

घरून सनई नेली. बाईंनी पेटीवर एक पट्टी दाबून धरली, मी सूर लावला. बाईंनी मान डोलावली. मग बाईंनी पेटी बंद केली, पोरींचं अख्खं गाणं व्हऊ दिलं, मी सूर धरूनच व्हते. गाणं संपल्यावर बाईंनी पुन्हा तीच पट्टी दाबली. भाईजान, दोन्ही आवाज एक झाले. पेटी कुठली आन सनई कुठली कळंना. बाई म्हणाल्या, "कुणी सांगितलं गं तुला कान नाही?"

मी म्हणलं, पेटी जुनी असंल. बाई हसल्या.

घरी येऊन मी नानांजवळ बसले. लाडात येऊन म्हणलं, नाना, वरचं वाजवा ना, ते लांबलचक. ते खूश झाले, वाजवलं. मी सनई न घेता नुसतं बसून ऐकलं. आजवर मी बाजूला बसायची तवा माझ्याच सनईचा आवाज डोक्यात भरलेला असायचा, त्यांचं नीट कधी ऐकलंच न्हाई. ते खाली बरोबर असतात. वर गेले की चढतात. जिथं थांबायचं त्याच्याबी वर जातात, आन त्यांना ते कळत न्हाई. मी पडत न्हाई, नाना चढतात.

आता तू सांग. अम्मी तीनदा हाक मारते तवा नाना ओ देतात. टीव्ही एवढा मोठा करतात की शेजारची दगडाबाई भिंत वाजवते. नानांचे कान गेलेत का? आन हे तुला म्हाईत व्हतं का? "पत्ती थोडी दाबायची, त्यांना बरं वाटतं" असं लिवलं व्हतंस ना? ती पहिली चिठ्ठी मी धा वेळा वाचली.

तुला म्हाईत असून तू मला "सूर धरणं सगळ्यांना जमत न्हाई" असं लिवलं असंल, तर पुढच्या चिठ्ठीत भाईजान म्हणून सही करू नको.

उज्मा

---

बीड,
९ जानेवारी २०२५

उज्मा,

हो. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी माजलगावच्या एका लग्नात पहिल्यांदा कळलं. नाना वर गेले आणि थेट चढले. मी सूर धरून होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तू म्हणतेस ना डोळे वटारले, तसंच. समोर माणसं बसलेली. एक म्हातारा कानाला हात लावून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. मला ते सहन झालं नाही. मी पत्ती दाबली आणि सूर वर नेला, नानांच्या सुराला नेऊन लावला. दोघं एक झालो. नानांचा चेहरा खुलला. तो म्हाताराही गप्प झाला. दोघंही एकाच जागी असले की लोकांना काही कळत नाही गं. सूर आणि सनई फाटली तरच कळतं.

मग तीच सवय झाली. ते जातील तिथे मी जायचो. त्यांना वाटायचं त्यांचा हात पूर्वीसारखाच आहे. तू म्हणशील सांगायचं होतं. कसं सांगू? जुलैमध्ये निघताना एसटी स्टँडवर सांगणार होतो. ते मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, "माझा नातू डॉक्टर होणार." गाडी लागली आणि राहून गेलं.

मला वाटलं होतं माझ्या जागी कुणीच येणार नाही, आणि हळूहळू त्यांचं वाजवणं आपोआप बंद होईल. तू बसशील असं स्वप्नातही नव्हतं. तुला "जमत नाही" लिहिलं तेव्हा मी तीन कागद फाडले. तुझा कान चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. मला माफ कर.

पण एक ऐक. फेब्रुवारीत कड्याला विजयसिंहांच्या मुलीचं, तेजश्रीचं लग्न आहे. तिची आजी वच्छलाबाई आपल्या सिरसाळ्याची, त्या घरातली सगळी लग्नं आपल्याच घराण्याच्या सनईवर लागलीत. वच्छलाबाईंनी नानांना स्वतः बोलावलंय. ते लग्न तेवढं मानानं होऊ दे. तोवर तू हलव. गालाची शीर उठली की पत्ती दाब. एवढंच एकदा. मग मी परीक्षा झाल्यावर येऊन नानांना सगळं सांगतो.

सही काय करू ते तू सांग.

---

सिरसाळा,
२४ जानेवारी २०२५

भाईजान (सही कर, उगं नाटकं नकोत),

संक्रांत झाली, लग्नं सुरू झाली. परवा सिरसाळ्यातच एक साखरपुडा व्हता. हरिओम काकांचा तो सूरवाला पाव्हणा काय आला न्हाई. ते मला म्हणाले, "चल, तूच बस, पर ध्यान दे."

मी बसले. नानांची शीर उठली. मी पत्ती दाबली. तू लिवलंस तसंच झालं. दोघं एक झालो. नाना वाजवत वाजवत मान हलवाय लागले. लोक बी "वा" म्हणले. वाजवून झाल्यावर नानांनी समद्यांपुढं माझ्या डोक्यावर हात ठिवला आन म्हणाले, "आज धरलास बघ सूर! असा धरायचा!" आन हरिओम काकांना म्हणाले, "पोरीला कान आला." बाजारातून मला गरम जिलेबी घेऊन दिली.

भाईजान, शाबासकीसाठी मी महिनाभर रडले. मिळाली, ती सूर सोडल्याची मिळाली. मी खरं धरते तवा माझ्या तोंडातली सनई ओढतात, खोटं धरते तवा जिलेबी. मी जिलेबी घरी आणून अम्मीला दिली. असं किती दिवस चालायचं? आन लई भीती वाटली ती येगळीच. घरी येऊन मी एकटीनं सूर लावला, तर माझे ओठ आपोआप दाबले जात व्हते. मला वाटलं, असंच चाललं तर खरा सूर कुठला हेच मला कळणार न्हाई. नाना म्हणले ते खरंच व्हईल, कान जाईल माझा.

अम्मीनं नानांना डॉक्टरकडं नेलं व्हतं, मीच मागं लागले. डॉक्टर म्हणाले, कानाची नस कमजोर झालीय, मशीन लावा, पण दोन वरसांआधी आला असता तर बरं झालं असतं. दोन वरस! ऐकलंस का? तू सूर हलवला नसतास तर नानांना तवाच कळलं असतं. तू नानांची इज्जत राखली आन कान घालवला.

नाना मशीन खिशात घालून फिरतात. म्हणतात, "बोलणं जरा ऐकू कमी येतं, सूर मला समदा कळतो."

मी त्यांना सांगणार हाय. कड्याच्या आधी.

उज्मा

---

बीड,
२८ जानेवारी २०२५

उज्मा,

सांगू नको. पाया पडतो, सांगू नको. लग्न पंधरा दिवसांवर आहे. आयुष्यभर कमावलेलं एका मांडवात जाईल. मी दहा तारखेला सुट्टी काढून येतो, मग आपण दोघं मिळून बोलू. माझी वाट बघ.

कामरान

---

बीड,
११ फेब्रुवारी २०२५

उज्मा,

सुट्टी मिळाली नाही. मोठी टेस्ट ठेवली आहे. म्हणजे सर म्हणाले, मागितलीस तर देतो, पण मग पुढच्या बॅचमधून नाव जाईल. मी मागितली नाही. आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं.

डब्यात तुझी चिठ्ठी येत नाही. रोज भाकरीखाली बघतो. रविवारी अम्मीला विचारलं, तर म्हणाली नाना चार दिवस कुणाशी बोलत नाहीत. काय झालं? तू सांगितलंस का?

कामरान

---

सिरसाळा,
१८ फेब्रुवारी २०२५

भाईजान,

सांगितलं. आन कड्याचं लग्न बी झालं. आता समदं एकदाच लिहिते, मधी अडवू नको.

आठवडाभर थांबले, पण धा तारखेची वाट बघितली न्हाई. तू यायचा न्हाईस हे मला आधीच कळलं व्हतं. तू नानांच्या कानाला घाबरत न्हाईस, तू सूर हलवायचास हे त्यांना कळंल ह्याला घाबरतोस. मी असं लिवलं म्हणून राग आला तर येऊ दे.

सांगायचं तर कुठं सांगू? अशी गोष्ट हळूच कानात सांगतात. नानांना हळू सांगितलेलं ऐकू येत न्हाई, आन मशीन ते लावत न्हाईत. घरात सांगितलं असतं तर गल्लीला कळलं असतं. मग मी त्यांना बाजारतळावर नेलं. बाजार नसला की तिथं कुत्रं बी नसतं. तिथं उभं राहून मला वरडून सांगावं लागलं. "नाना, माझा सूर पडत न्हाई! तुमी चढता!" ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा वरडले. भाईजान, तुला सांगते, आपल्या नानांना असं वरडून सांगायची पाळी दुश्मनावर बी येऊ नये.

ते चिडले. म्हणाले, "साखरपुड्यात तर बरोबर व्हतं!" मी म्हणलं, "तवा मी हलवला. तुमी गेलात तिथं मी आले." ते म्हणाले, "अन् कामरान असताना?" मी खाली मातीकडं बघाय लागले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "कामरान बी हलवायचा?" मी होय म्हणून मान हलवली.

"कवापासून?"

मी दोन बोटं दाखवली. नाना तिथंच ओट्यावर बसले. मला वाटलं रडतील, रडले न्हाईत. मग म्हणाले, "म्हंजे दोन वरस मी एकटाच वाजवत व्हतो म्हण की."

चार दिवस त्यांनी कुणाशी बात केली न्हाई. नानी मला शिव्या घालत व्हती, काय बोललीस गं म्हाताऱ्याला. पाचव्या दिवशी नाना सनई पुसत बसलेले दिसले. मला म्हणाले, "वच्छलाबाईला जबान दिलीय, कड्याला जायचं. मी खालच्या सुरांतच वाजवीन, वर जाणार न्हाई. पर तू कसम खा. मी चढलो तर चढू दे, फाटलं तर फाटू दे. तू हलायचं न्हाई." मी कसम खाल्ली. खाताना मला काय ठाऊक, पाळणं एवढं जड असंल.

कड्याला जीपनं गेलो. मांडव केवढा मोठा, बाहेर डीजे उभा. वच्छलाबाईंनी नानांना खुर्ची दिली, हात जोडून म्हणाल्या, "इसाकभाऊ, माझं बी लग्न तुमच्या वडिलांच्या सनईवर लागलं." भीतीनं मी पत्ती दोनदा भिजवली. पण नानांनी लई भारी वाजवलं. खालच्या सुरांत, हळू, सांभाळून. मंगलाष्टकं झाली, समदं एक सुरात. मला वाटलं, सुटलो.

मग पोरीला वाटे लावायची येळ आली. तेजश्री आजीच्या गळ्यात पडली. वच्छलाबाई तिला सोडंनात. नाना त्यांच्याकडं बघत वाजवत व्हते. बघता बघता ते विसरले. एवढ्या वरसांची सवय, बिदाईला सनई वर जायचीच. गालाची शीर उठली आन ते चढले. डीजेवाल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण हसला.

नानांनी माझ्याकडं बघितलं. भाईजान, ती नजर तुला ठाऊक हाय. डोळे वटारलेले नव्हते ह्या येळी. ते मला विचारत व्हते. ओठ जरासा दाबला असता तर समदं निभावलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, कड्याला बी न्हाई आन सिरसाळ्याला बी न्हाई. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक भरून आलं, श्वास घेता येईना. मी हलले न्हाई.

दोन्ही सूर फाटले. ते नानांना ऐकू आलं. त्यांनी सनई तोंडातून काढली, मांडीवर ठिवली आन खाली मान घालून बसले. हरिओम काका संबळ वाजवतच राहिले. मी सूर धरून राहिले. गाणं न्हाई, काही न्हाई, नुसता एक सूर आन संबळ. तेवढ्यावर तेजश्री गाडीत बसली. लोकांना वाटलं असंच असतं. वच्छलाबाई डोळे पुसत आल्या आन म्हणाल्या, "लई मनाला लागलं हो." त्यांना काय म्हाईत.

परत येताना जीपमध्ये नाना माझ्या बाजूला बसले. मी म्हणलं, "नाना, माफ करा." त्यांनी मशीन खिशातून काढून कानाला लावलं, मला पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाले, "धरलास. बरोबर धरलास." एवढंच. जिलेबी न्हाई, डोक्यावर हात न्हाई. पुढं म्हणाले, "आता मी लोकांपुढं वाजवायचो न्हाई. घरी तुला शिकवीन, जेवढं ध्यानात हाय तेवढं. चुकलो तर सांगायचं." आन खिडकीकडं तोंड करून बसले.

भाईजान, मला कान हाय. आता नाना बी म्हणतात. ह्याच्यासाठी मी किती रडले तुला ठाऊक हाय. ते मिळालं आन त्याच दिवशी नानांची सनई गेली. मला ना धड हसता येतंय ना रडता येतंय. नानी माझ्याशी बोलत न्हाई. म्हणते, पोरीनं म्हाताऱ्याला बसवलं. खरंच हाय ते.

नाना तुझ्यावर चिडले असतील असं तुला वाटत असंल. ते चिडले न्हाईत. मी तुझी बाजू घेऊन म्हणलं, भाईजाननं तुमच्या मायेपायी केलं. तर म्हणाले, "म्हाईत हाय. त्यानं मला जीव लावला. पर मला सूर पायजे व्हता." हे तुला कळवू नको म्हणले. पण तुझ्यापासून लपवायचं न्हाई असं मी ठरवलंय, म्हणून लिहिलं.

परीक्षा नीट दे. भाकरीखाली आता रोज बघत बसू नको, अम्मीपासून लपवायचं काही उरलं न्हाई.

तुझी
उज्मा